काचेवरचा ॐ

पुतणी मोबाइलवर तिच्या लग्नाची पत्रिका टाइप करत होती. तिनं एक बटण दाबून धरलं, ॐ उमटला, आणि मी थेट कामशेतच्या त्या कोंदट कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसलो.

ताईच्या लग्नाचा मजकूर संध्याकाळच्या आत प्रेसला जायचा होता, कारण पहिली पत्रिका सकाळी देवापुढं ठेवायची होती. कोर्स केल्याच्या ऐटीत मी म्हणालो होतो, "मी करतो की!" आणि ॐ काही सापडेना. आल्ट दाबून कुठलेसे आकडे मारायचे, एवढंच आठवत होतं. मी मारत होतो, चौकोन उमटत होते. पाठीशी भिंत, पुढं यंत्र, आणि दारात खुर्ची टाकून माझे थोरले चुलते, आबा.

"आबा, खालचं आधी लिहू का?"

"न्हाई. देवाआधी नवरदेव? कुटं बघितलंस असं?"

तापलेल्या यंत्राच्या वासात मी घामानं निथळत होतो. शेवटी आबा उठले, खिशातली कुंकवाची पुडी सोडली आणि बोटानं पडद्याच्या काचेवर ठसठशीत ॐ काढला.

"हां. लिव आता."

क्लासवाल्यानं कपाळाला हात लावला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मजकूर वेळेत गेला, ॐ प्रेसवाल्यानं आपल्याकडच्या ठशानं छापला. आज वाटतं, त्या यंत्रापुढून मला आबांनीच सोडवलं.

"कुंकू कुठंय गं?" मी पुतणीला विचारलं.

ही गोष्ट तिनं माझ्याकडून नको तितक्यांदा ऐकलेली. तिनं मोबाइल छातीशी धरला.

"काका, अजिबात नाही! काच नवीन आहे."