नैवेद्याचे हात

आमच्या घरात शुगर तपासायचं मशीन आलं ते नवऱ्याच्या हौसेने. आमच्या अधारताल मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्याने काउंटरवरच स्वतःचं बोट टोचून दाखवलं आणि म्हणाला, "भैया, लैब जाने का झंझट ही खतम." नवरा तिथेच विरघळला. सासऱ्यांना नुकतीच शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती आणि घरीही तपासत जा म्हणून सांगितलं होतं.

सासरे फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे तयार झालेले सुटे भाग मापून पास-नापास करायचं त्यांचं काम. माणूस खोटं बोलेल, मापाचं अवजार बोलणार नाही, हे त्यांचं म्हणणं मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकत आले आहे. त्यामुळे मशीन त्यांना लगेच पटलं. अट एकच घातली: पूजेआधी अंगातून रक्त काढायचं नाही. आधी आंघोळ, मग देव, मग मशीन. तपासणी उपाशीपोटी करायची, तेव्हा यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. टोचायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला रक्त बघवत नाही. हौस त्याची, सुई माझी.

सुरुवातीला आकडे चांगले येत होते. मग सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या आणि आकडा एकदम तीनशेच्या घरात जाऊन बसला.

नवऱ्याने सरळ उलटतपासणी सुरू केली. "बाबा, खरं सांगा. कमानिया गेटला दोस्ताकडे जाता, तिथे खोव्याची जलेबी खाऊन राहिले न?"

"नाही रे."

"मग शुगर काहून वाढून राहिली?"

मला सासऱ्यांची बाजू घ्यायची होती, म्हणून मी मशीन घेऊन मेडिकलवाल्याकडे गेले. त्याने पुन्हा स्वतःचं बोट टोचलं, आकडा अगदी शहाण्यासारखा आला. "मशीन तो एकदम सही है, भाभीजी," तो हसून म्हणाला, "बाबूजी ही मीठा खा रहे होंगे." गेले होते वकिली करायला, आले पुरावा घेऊन.

तेवढ्यात नणंदेला मुलगी झाल्याचा फोन आला. बारसं नागपूरलाच होतं. नवऱ्याने जाहीर केलं की शुगर खाली आल्याशिवाय बाबा प्रवास करणार नाहीत. इकडे नातीच्या पाळण्यावर टांगायला सासऱ्यांनी लाकडाच्या चिमण्या कोरायला घेतल्या होत्या. ते पॉलिशपेपरने चिमण्या घासत राहिले.

एका दुपारी मी वाटाणे सोलत होते. ते शेजारी येऊन बसले, चार शेंगा सोलल्या आणि हळूच म्हणाले, "बेटा, गुळाच्या डब्याला रात्री कुलूप लावत जा."

"काहून, बाबा?"

"मशीन काही खोटं नाही बोलणार. मीच झोपेत उठून खात असेन. मला आठवत नसेल."

नवऱ्याचा, मशीनचा, त्या हसऱ्या मेडिकलवाल्याचा, सगळ्यांचा मला संताप आला. एका आकड्यापायी या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मी कुलूप काही लावलं नाही. सकाळी देवाला गूळ लागतो, उगाच किल्ली कुठे शोधायची, असं म्हणून विषय टाळला.

चिमण्या घासून घासून त्यांचा खांदा धरला. म्हणून एका सकाळी पूजा मी केली आणि ते खुर्चीत बसून सूचना देत राहिले. गुळाचा खडा मोडून मी वाटीत ठेवला, पाणी फिरवलं, हात पदराला पुसले आणि मशीन घेऊन त्यांच्यापुढे बसले. आकडा आला एकशे बारा.

"बघ," ते म्हणाले, "काल रात्री नाही उठलो वाटतं."

नवऱ्याचा मात्र चांगल्या आकड्यावर विश्वास बसेना. "मशीनच गडबड करून राहिलं. तू तुझं बोट टोचून बघ." मी टोचलं. तीनशे वीस.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला पण?" माझ्या आईला शुगर होती, तिची इंजेक्शनं मी पाहिली होती. बोटातून अजून रक्त येत होतं, ते मी सवयीने तोंडात घातलं. बोट गोड लागलं.

मी उठले, साबणाने हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. आकडा जागेवर आला. माझ्या हाताला देवाचा गूळ होता. सासूबाई घरी होत्या तोवर नैवेद्य त्या मांडायच्या. त्या नागपूरला गेल्यापासून गूळ सासरे मोडत होते आणि त्याच बोटाने माझ्यापुढे येऊन बसत होते.

"बाबा, टोचायच्या आधी तुम्ही हात धुवत नव्हते?"

"देवाचं करून आलेले हात, बेटा," ते गोंधळून म्हणाले. "ते आणखी काय धुवायचे?"

हात धुवा असं मशीनच्या कागदावर छापलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण पूजेहून उठलेल्या माणसाला हात धुवून ये म्हणायचं आमच्या घरात कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

सासरे बराच वेळ आपली बोटं उलटसुलट करून बघत होते. "अच्छा. म्हणजे मशीन खोटं नाही बोललं," ते म्हणाले. "अन् मी पण नाही."

नवरा खोलीत गेला आणि फोनवर नागपूरची तिकिटं काढत बसला.

बारशाला पाळण्यावर चिमण्या डोलत होत्या आणि नात त्यांच्याकडे न बघता झोपली होती. पंगतीत जिलबी आली तेव्हा सासऱ्यांनी ताटावर हात आडवा धरला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने तो हात अलगद बाजूला केला. "अर्धी वाढा," तो वाढणाऱ्याला म्हणाला, "मी सांगून राहिलो." सासऱ्यांनी ती अर्धी जिलबी अगदी सावकाश खाल्ली, सगळ्यांच्या देखत.