कोल्ड्रिंकची रिकामी बाटली

आमच्या गावात कोल्ड्रिंकची बाटली रिकामी झाली की तिची खरी नोकरी सुरू होते. मोरीतलं फिनेल तिच्यात, शेतावर न्यायचं पाणी तिच्यात, डोंगरावरच्या वाडीतल्या बायका मध विकायला आणतात तोही तिच्यातच. कंपनी सातासमुद्रापलीकडची. कशेळ्याच्या पुढे आमच्याकडे नळाला धड पाणी येत नाही, पण कोल्ड्रिंकचा टेंपो कधी चुकत नाही. पाहुण्यांना लिंबाचं सरबत केलं तर सासूबाईंना कमीपणा वाटतो. "सरबत काय करतेस गं? दुकानात थंडा नाय का?"

भाताच्या तणनाशकाची कंपनीही तशीच, परदेशातली. मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून चार घरं मिळून एक घेतात आणि आपापला वाटा घरच्या रिकाम्या बाटलीत भरून नेतात. सगळेच तसं करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. आमचा वाटा नवऱ्याने पडवीच्या वरच्या फळीवर ठेवला होता. त्या सकाळी फवारणीचा पंप भरायला त्याने बाटली खाली घेतली आणि पंपाचं वायसर मागायला तो शेजारी गेला.

मी पडवीत आले तर माझी चार वर्षांची लेक ती बाटली मांडीत घेऊन बसलेली. झाकण उघडं. फ्रॉकवर पिवळट डाग.

"प्यायलीस का गं?"

मी एवढ्या जोरात ओरडले की घाबरून ती "नाय" म्हणाली. पुन्हा विचारलं तर मान हलवून हो म्हणाली. मग नुसती रडायलाच लागली. मी तिच्या तोंडाचा वास घेतला, पण माझ्याच हातांना तो वास लागला होता. कळायला काही मार्गच नव्हता. माझा आवाज ऐकून नवरा धावत आला, त्याने बाटली उचलली आणि आम्ही रस्त्यावर येऊन सवारीची जीप थांबवली.

जीपवाल्याने बाकीच्यांना उतरवलं आणि गाडी थेट कर्जतला काढली. मी तिला छातीशी धरून तिचा श्वास ऐकत होते. वाटेत प्रत्येक दुकानावर तीच बाटली आणि ती तोंडाला लावून हसणारी मुलगी रंगवलेली. मला त्या मुलीकडे बघवेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "औषधाचं नाव काय?"

नवऱ्याने बाटली पुढे केली. बाईंनी ती फिरवून पाहिली. लेबलवर कोल्ड्रिंकचं नाव होतं, एकावर एक फुकट असं लिहिलं होतं.

"हे नाही हो. आत काय आहे?"

"तणाचं हाय, मॅडम."

"त्यात पुष्कळ प्रकार असतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा. नाव सांगा."

त्या लेबलावरच्या पेयाची जाहिरात माझ्या लेकीला तोंडपाठ होती. आत काय आहे ते मात्र शिकलेल्या आईबापांना सांगता येत नव्हतं. कॅन शेजाऱ्याकडे होता. नवरा त्याला पुन्हा पुन्हा फोन लावत होता, शेजारी उचलत नव्हता, आणि बाई लेकीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होत्या. कॅनचा फोटो येईपर्यंत मी किती देव आठवले ते माझं मलाच माहीत.

फोटो आला. बाईंनी नाव वाचलं, इलाज सुरू केला आणि तिला ठेवून घेतलं. ती बचावली. नंतर हाताला सलाईन लावलेलं असतानाच तिने सांगितलं, एक घोट तोंडात घेतला, कडू लागला, थुंकून टाकला. एवढं बोलून ती माझा पदर ओढायला लागली.

"आई, ते खोटं होतं. मला खरं दे ना."

तिच्या बापाला राहवलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून त्याने खालच्या दुकानातून गार बाटली आणली. सील मीच तोडलं. आधी मी घोट घेतला आणि मला काही होतंय का, याची वाट बघत बसले. ती खाटेवर रडत होती. अजूनही घरात बाटली आली की मी तसंच करते, आणि ती हातात पेला धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते.