उपग्रहासाठी रिव्हर्स

माझ्या सासूबाई काचीगुड्यात ओळखीच्या सगळ्यांना सांगतात, "आमची सून पूल बांधते." हे अगदीच खोटं नाही. चालत्या गाडीच्या टपावर बसवायचा, उपग्रहाशी बोलणारा अँटेना आम्ही बनवतो. त्याच्या चिपवर धातूचे पूल असतात, पण ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. व्होल्टेज दिलं की पूल खाली वाकतो, काढलं की वर येतो. त्यामुळे लहरी किंचित मागेपुढे सरकतात आणि गाडी कुठेही वळली तरी अँटेना जागचा न हलता उपग्रहाला धरून राहतो. निदान राहायला हवा.

आमची पहिली चाचणी बघायला नांदेडकडचे एक डॉक्टर आले होते. मोबाइल चालत नाही अशा गावांत त्यांच्या ॲम्ब्युलन्स जातात. ते आबिड्सच्या आमच्या ऑफिसात पडद्यासमोर चहा घेत बसले आणि मी गाडीत लॅपटॉप घेऊन निघाले. ड्रायव्हर वयानं मोठे, म्हणून मी त्यांना भाई म्हणते. टपावर परातीएवढं पांढरं झाकण होतं. सिग्नलला एका स्कूटरवाल्यानं विचारलंच, "बिर्याणी किधर की है भाई?"

सरळ रस्त्यावर लॅपटॉपवर डॉक्टर लख्ख दिसत होते. भाईंनी गाडी वळवली आणि डॉक्टर बिस्कीट तोंडाशी धरून थिजले. पुन्हा पहिल्या दिशेला वळलो, तर बिस्कीट संपलेलं.

मी काय ते ओळखलं. हवा दमट होती. पूल खाली जाऊन चिकटले होते आणि आता वर यायला तयार नव्हते. अँटेना हट्टी मुलासारखा एकाच दिशेला बघत बसला होता. गाडीचं तोंड त्या पहिल्या दिशेला असेल, तोवरच उपग्रह.

"छान दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "आता असेच बोलत बोलत परत या."

परत यायचं म्हणजे वळायचं. मी हळूच म्हटलं, "भाई, रिव्हर्स घ्या."

"कित्ता?"

"ऑफिसपर्यंत."

भाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तबियत ठीक है ना?"

तरी त्यांनी घेतली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच गलका केला. थोडं अंतर गेलो नाही तोच ट्रॅफिक पोलीस आडवा आला. "गाडी सीधी कायकु नै चलारे?"

मी त्याला उपग्रह सांगितला, चिकटलेले पूल सांगितले. त्यानं आधी आकाशाकडे पाहिलं, मग भाईंकडे. "पिये क्या?"

"मैं नै साब. मॅडम बोले."

तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "नमस्कार, मी डॉक्टर बोलतोय. काही प्रॉब्लेम आहे का?"

पोलिसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं भाईंना खालच्या आवाजात विचारलं, "इनके डॉक्टर हैं?"

"हौ साब," भाई म्हणाले.

"अरे, तो पहले बोलना ना! आराम से घर लेके जाओ इनकू." त्यानं रस्ता अडवून आमची गाडी स्वतः सरळ करून दिली. गाडी वळली, पडद्यावरून डॉक्टर गेले.

ऑफिसात मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या पेशंटनं हॉस्पिटलात पाठमोरं यायचं? दुरुस्त करा, मी पुन्हा येतो."

दुरुस्तीत कितीतरी महिने गेले. पुलांच्या पोटाला बारीक टेंगळं दिली, म्हणजे ते खाली सपाट बसून चिकटणार नाहीत. चिपला ओल लागू नये म्हणून हवाबंद झाकण बसवलं. डॉक्टर शब्दाप्रमाणे आले आणि पुन्हा ऑफिसात पडद्यासमोर बसले. भाईंनी या वेळी जणू सूड उगवायचा म्हणून बेगम बाजारात दिसेल त्या गल्लीत गाडी घातली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चित्र जराही हललं नाही. मला मात्र गाडी लागली. मी पांढरीफटक पडलेली डॉक्टरांना पडद्यावर स्पष्ट दिसली आणि त्यांनी तिथूनच भाईंना गोळीचं नाव सांगितलं. आमच्या अँटेनावरून तपासलेली पहिली पेशंट मीच.