शेवटचं रीळ आणि दोन पेले

आमचे संचालक सर दर जूनमध्ये सगळ्या शिक्षकांना एक इंग्रजी सिनेमा दाखवायचे आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली की टीव्ही बंद करायचे. लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवत होते. तीन वर्षं मी तो सिनेमा पाहिला आणि तिन्ही वेळा शेवट न बघता चहा-बिस्किटं खाऊन उठले.

सिनेमा जुना, काळा-पांढरा, महायुद्धातला. इंग्लंडमधल्या एका तळावरून बॉम्बर विमानं भर दिवसा शत्रूवर जातात, आणि गेली तेवढी परत येत नाहीत. तळावरचा पहिला अधिकारी मायाळू असतो. पोरं थकलीत, त्यांचे हात कापायला लागलेत, म्हणून तो वरच्यांशी भांडतो. वरचे त्यालाच काढतात आणि त्याच्या जागी एक कडक अधिकारी पाठवतात. हा लाड बंद करतो, चारचौघांत एकेकाची उतरवतो. पोरं आधी त्याच्यावर दात खातात, मग सुधारतात, आणि बॉम्ब नेमके निशाणावर पडायला लागतात. इथं सर उठायचे, बटण दाबायचे आणि काळ्या झालेल्या टीव्हीसमोर उभे राहून म्हणायचे, "बघितलं? ह्याला म्हणतात निकाल. लाड करून निकाल लागत न्हाई."

मग ते आम्हाला समजावून सांगायचे की आपण अधिकारी, पोरं म्हणजे वैमानिक आणि बारावीचे मार्क म्हणजे निशाण. हा सिनेमा त्यांच्या डोक्यात इतका भिनला होता की बॅचला ते स्क्वाड्रन म्हणायचे. सकाळची स्क्वाड्रन, दुपारची स्क्वाड्रन. शिपाईसुद्धा विचारायचा, "मॅडम, दुपारच्या स्क्वाड्रनला पाणी ठिवू का?" मला यातलं काही पटत नव्हतं, पण पहिली दोन वर्षं मी मूग गिळून बसले. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती तेव्हा माझ्याकडं मुक्कामालाच होती.

भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. पडलेली गावं नव्या जागी बसली होती, लातुरात क्लासच्या पाट्यांवर पाट्या चढल्या होत्या आणि भोकर-बिलोलीपासून पोरं ट्रंका घेऊन येत होती. पण जमिनीवरचा विश्वास काही परत आला नव्हता. आमच्या हॉलमागं डिझेलचा जनरेटर होता. वीज गेली की तो धडधडत सुरू व्हायचा, पायाखालची फरशी थरथरायची आणि अर्धा हॉल दाराबाहेर पडायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही पाणीसुद्धा फुंकून पीत होतो. पहिल्या वर्षी एकदा मीही पळाले होते, खडू हातात घेऊन, जडत्वाचा नियम फळ्यावर अर्धा सोडून. याची मला अजून लाज वाटत नाही.

सरांनी त्यावर नियम काढला. रविवारच्या टेस्टमध्ये जो जागा सोडेल त्याचा पेपर रद्द. दुसऱ्यांदा सोडली तर पालकांना बोलावून पोराला घरी पाठवायचं. नियम टाइप करून नोटीस बोर्डावर लावला होता.

तिसऱ्या वर्षी माझ्या बॅचला शिरूर अनंतपाळकडची एक पोरगी आली. भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ भिंतीखाली गेले होते. काकाच्या घरी वाढली. काकानं तिला लातूरला पाठवताना बजावलं होतं की क्लासवाल्यांनी परत पाठवलं तर शिक्षण बंद, मग ज्याच्या घरी देईन तिथं जायचं. पोरगी हुशार होती. गणित वाचून संपायच्या आत तिचा पेन चालायला लागायचा. टेस्टला येताना मात्र ती दप्तरातून स्टीलचे दोन पेले काढायची. एक बाकावर उपडा ठेवायचा, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा.

आमच्याकडं कुणाला याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. भूकंपानंतर घरोघरी हीच चाल होती. भांड्यावर भांडं तोल सांभाळून रचायचं आणि मग झोपायचं; जमीन हलली तर भांडी पडून आवाज होईल, जाग येईल. ही पोरगी दोन ओळी लिहायची, पेल्यांकडं बघायची, पुन्हा दोन ओळी लिहायची. कुणाला त्रास नाही, कुणाशी बोलणं नाही.

सरांनी ते पाहिलं आणि भडकले. "हितं काय भांड्याचं दुकान मांडलं का?" त्यांनी पेले उचलून नेले आणि आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवले. पुढच्याच रविवारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि पोरगी उठून पळाली. पेपर रद्द झाला. आता आणखी एकदा पळाली असती तर तिचं सगळं संपलं असतं, आणि हे तिला माहीत होतं. त्याच संध्याकाळी ती मला भेटली तेव्हा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, मी ठरवून पळत न्हाई हो. पायच पळतात."

सोमवारी सुट्टी होती. मी नांदेडला घरी गेले आणि अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा तीस वर्षं एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवत होते. रविवारच्या सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे, ते त्यांनी त्या मशीनखोलीच्या छोट्या खिडकीतून पाहिलेले. भाषा कळायची नाही, चेहरे कळायचे. माझं बोलणं संपलं तसा त्यांनी पहिला प्रश्न सिनेमाबद्दलच विचारला. "वो आखरी रीळ कायकू नै दिखाता?"

मी म्हटलं, त्यांचा धडा तिथंच संपतो.

"आखरी रीळ काटा तो हमारे टॉकीज में पब्लिक कुर्सी फेंक के मारती थी," अब्बा म्हणाले. त्यांना तो सिनेमा चांगला आठवत होता. मग त्यांनीच मला शेवट सांगितला. तो कडक अधिकारी रोज पोरांबरोबर विमानात बसून जातो, रोज कुणी ना कुणी मेलेलं बघतो, आणि एका सकाळी विमानात चढायला जातो तेव्हा त्याचा हातच उचलत नाही. त्याला आणून खुर्चीत बसवतात. विमानं परत येईपर्यंत तो तसाच बसून राहतो, डोळे उघडे आणि तोंड बंद. मी ऐकतच राहिले. तीन वर्षं आम्हाला ज्याचं उदाहरण दिलं जात होतं तो माणूस शेवटी मोडतो, आणि तेवढंच आमच्यापासून झाकलेलं! मला हसूही आलं आणि संतापही आला.

अब्बांना त्या विमानांचं वेगळंच काही आवडलं होतं. विमानाच्या शेपटीत एक माणूस सगळ्यांकडं पाठ करून बसतो, असं ते सांगत होते. "उसका काम पीछे देखने का. वो देखता, इसलिए बाकी के अपना काम करते."

मंगळवारी मी सरांकडं गेले आणि पोरीचे पेले मागितले. सर म्हणाले, "एकीला दिले तर उद्या अख्खा हॉल भांडी घेऊन यील." मी म्हटलं, येऊ द्या. त्यांनी पेले दिले नाहीत. मग मी माझ्या स्वयंपाकघरातले दोन पेले क्लासला आणले, शनिवारी जनरेटर चालू असताना हॉलमधल्या माझ्या टेबलावर रचून पाहिले. थरथरले, पण पडले नाहीत. फिजिक्सच्या बाईला एवढा प्रयोग तरी करता यायला हवा.

रविवारी टेस्ट सुरू व्हायच्या आधी मी ते पेले सगळ्यांना दिसतील असे टेबलावर रचले. साठ पोरं होती. मी म्हटलं, "पेल्यांकडं मी बघणार आहे. तुम्ही पेपराकडं बघा. पळायची वेळ आली तर मी सांगेन, आणि सगळ्यांच्या शेवटी मी बाहेर पडेन. मी सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही." पोरं एकमेकांकडं पाहून हसली, पण खांदे सैल झालेले मला दिसले.

अर्ध्या तासानं वीज गेली. जनरेटर धडधडला. पोरगी बाकावरून अर्धी उठली, माझ्याकडं पाहिलं. मी पेल्यांवरची नजर न काढता मान हलवली. ती बसली. खाली बघून लिहायला लागली, आणि कितीतरी वेळ तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात सर फेरीवर आले. टेबल पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "उचला ते."

"नाही उचलणार," मी म्हटलं.

"तर मग मी उचलतो." त्यांनी हात घातला. घाईत वरच्या पेल्याला धक्का लागला, तो फरशीवर पडला आणि खणखणत पार भिंतीपर्यंत गेला.

लातुरातल्या माणसाला त्या आवाजापुढं विचार करायला वेळ नसतो. एकदम सगळे बाक सरकले. पोरं दाराला, खिडक्यांना भिडली. आणि सगळ्यांच्या पुढं सर होते. स्वतःच्याच हातानं पाडलेला पेला, तरी पाय पळाले. त्यांची एक चप्पल टेबलापाशी राहिली. मी टेबल घट्ट धरून उभी होते, कारण शेवटी बाहेर पडेन असं मीच म्हटलं होतं. हॉल रिकामा झाला तेव्हा तिसऱ्या बाकावर ती पोरगी दिसली. तोंड पांढरं पडलेलं, डाव्या हातानं बाक धरलेला, उजव्या हातात पेन.

मी विचारलं, "तू का नाही पळालीस गं?"

"तुम्ही कुठं सांगितलं, मॅडम?" ती म्हणाली.

मला रडू आवरलं नाही. तसंच डोळे पुसत मी सरांची चप्पल उचलली आणि अंगणात गेले. सर लिंबाच्या झाडाला टेकून उभे होते. मी चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हटलं, "सर, नियमानं आत एकच पोरगी उरलीय. बाकी सगळ्यांचे पेपर रद्द करायचे का?" पोरांना आत बोलावून मी टेस्ट पुढं चालू केली. दुसऱ्या दिवशी तो नियम नोटीस बोर्डावरून मीच काढला आणि घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला. लपूनछपून केलेलं बंड मला आवडत नाही. सरांनी कागद खणात टाकला आणि कपाट उघडून पोरीचे पेले माझ्या हातात दिले.

पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुढं शिकायला नांदेडला गेली. रविवारी ती अब्बांकडं जेवायला जायची.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा सिनेमा लागला. नवे शिक्षक पुढं बसले होते, मी मुद्दाम टीव्हीच्या शेजारची खुर्ची धरली होती. बॉम्ब निशाणावर पडले, नेहमीसारखे सर उठले. मी बटण हातानं झाकून धरलं.

"पुढचं मला ठाऊक हाय, मॅडम," सर हळू आवाजात म्हणाले. "म्हणून तर बंद करतो."

"बसा सर," मी म्हटलं. "मी अजून उठायला सांगितलं नाही."

सर बसले.