तिकिटावरची वनमाला

वनमाला खाडे शिरूर कासार तालुक्यातली. लग्न झालं त्या वर्षापासून नवऱ्यासोबत, धर्मराजसोबत, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यातून फिरलेली. विमान तेवढं राहिलं होतं. तेही वेळेनं आणलं, दिवाळीच्या तोंडावर. लेक करिष्मा बंगळुरूला नांदत होती. तिचं पहिलंच बाळंतपण, सासूही हयात नव्हती, आणि डॉक्टरांनी तारखेच्या आधीच दवाखान्यात घेतलं. पुण्यात टेम्पो चालवणाऱ्या अंगदनं, वनमालाच्या थोरल्या पोरानं, आईचं सकाळचं तिकीट काढलं आणि फोनवर बजावलं, "आधार कार्ड तेवढं विसरू नको."

विसरली नाही. गावाहून ती पुण्याला आली आणि अंगद तिला विमानतळावर घेऊन गेला. दारात जवानानं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मावशी, फोटो तुमचाच आहे. पण तिकीट वनमाला खाडेचं आहे. हे कार्ड सत्यशीला मिसाळचं."

अंगदला वाटलं, घाईत दुसऱ्याच कुणाचं कार्ड आलं. "आई, ही सत्यशीला कोन?"

"मीच की."

"आन् मंग वनमाला?"

"ती बी मीच. लग्नात तुज्या बापानं ताटातल्या तांदळावर लिव्हलं, तवापसून वनमाला."

कार्ड काढलं तेव्हा ती माहेरी होती, वडवणीजवळच्या गावात, आजारी आईपाशी. शाळेत कार्डाची माणसं आली. सोबत दाखवायला शाळेचा चौथीचा दाखलाच होता, त्यावरचं नाव कार्डावर गेलं. मुद्दाम तिनं काही केलं नव्हतं. पण कार्ड आल्यावर ते दुरुस्त करायलाही ती गेली नाही. रेशन दुकानदार बबनरावांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, अंगठा पटतोय ना, मग झालं. घरात कार्ड उघडून वाचायची वेळ कुणावर आलीच नाही.

"एखादं अक्षर इकडंतिकडं असतं तर विमान कंपनीच्या खिडकीवर दुरुस्त झालं असतं," जवान म्हणाला. "इथं अख्खं नावच वेगळं आहे. वनमाला नावाचं, फोटो असलेलं दुसरं काही आहे का?"

मतदान कार्ड होतं, पण घरी, पेटीत. अंगदनं बापाला फोन लावला. धर्मराजनं पेटी उघडून कार्डाचा फोटो पाठवला. जवानानं मान हलवली. मोबाइलवरचा फोटो चालत नव्हता, मूळ कार्डच लागत होतं. मागं रांग वाढली तसं त्यानं दोघांना बाजूला उभं केलं.

"आमच्या आईला आमी वळखत न्हाई का?" अंगदचा आवाज चढला.

"तुम्ही ओळखता. मला कार्डावरून ओळखावं लागतं."

वनमालानं पोराच्या दंडाला धरलं. "त्याच्यावर काहून चिडतो? त्यानं त्याचं काम केलं."

विमान गेलं. बाहेरच्या बाकावर बसून अंगद दुसरं तिकीट काढू लागला. संध्याकाळचं मिळालं. नावाच्या रकान्यापाशी त्याचा अंगठा थांबला.

"सांग."

"सत्यशीला राधाकिशन मिसाळ." लई वर्षांनी ती हे नाव पुरतं बोलली. बोलताना आवाज जरा मोठाच निघाला; शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

तेवढ्यात धर्मराजचा फोन आला, तो तिनंच घेतला. "झालं का काम?" कार्डावरचं नाव ऐकून म्हणाला, "हां, सत्यशीलाच होतं की तुजं. पत्रिकेत छापलं होतं. माज्या ध्यानातूनच गेलतं."

तिनं फोन अंगदकडं दिला.

संध्याकाळी त्याच दारातून ती एकटी आत गेली. पुढं पडद्याआड बाईपोलिसानं अंगावरून यंत्र फिरवलं, पिशवीतले डिंकाचे लाडू पाहिले आणि सोडलं. विमानात ती डोळे मिटून बसली. भीती वाटली नाही, कान तेवढे दुखले.

ती पोचली तेव्हा करिष्माला मुलगी होऊन गेली होती. "लवकर यायचं होतं ना," एवढंच लेक म्हणाली आणि रडली. आईनं हात धुतले, बाळ उचललं.

कार्डावरचं नाव बदलून घेऊ, असं अंगद पुढं दोनदा म्हणाला. तिनं "बघू" म्हटलं. करिष्माला टाके दुखत होते, बाळ अशक्त होतं, म्हणून ती होळीपर्यंत तिथंच राहिली. त्या वर्षी ऊसतोडीची टोळी तिच्यावाचून गेली. तोडीला कोयता नवरा-बायकोच्या जोडीचाच धरतात; जोडीदार नाही म्हणून धर्मराजही गावातच थांबला आणि लोकांचा कापूस वेचत राहिला.