मिस कॉलवर चालणारी गाडी

आमच्याकडे शाळेची गाडी हॉर्न देत नाही, मिस कॉल देते. पळसदरीहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलांची घरं विखुरलेली, एक फाट्यावर, तर एक पार शेताच्या टोकाला. गाडी मागच्या घरून निघाली की ड्रायव्हरने पुढच्या घरी मिस कॉल द्यायचा आणि मग घरच्यांनी मूल रस्त्यावर आणायचं. ही पद्धत आम्ही आयांनीच पाडली. या रस्त्यावरून साजगावच्या कारखान्यांचे ट्रेलर जातात आणि खड्डा चुकवायला ते सरळ कडेच्या मातीत उतरतात. तिथं मुलं ताटकळत उभी राहायला नकोत, एवढंच आमचं म्हणणं होतं.

गाडी चालवणारे गृहस्थ शेजारच्या गावातले, कोकणी मुसलमान घरातले. मुलं चाचा म्हणतात म्हणून आम्हीही चाचाच म्हणतो. माणूस लाखातला. कुणाला गाडीत उलटी झाली तर कपाळाला आठी न घालता स्वतः पुसून काढतात.

एका सकाळी मिस कॉलच्या आधीच मी लेकीला घेऊन फाट्यावर पोचले. लांबून गाडी येताना दिसली. चाचांची मान खाली होती आणि गाडी हळूहळू रस्त्याच्या मधोमध सरकत होती. समोरून येणाऱ्या ट्रेलरवाल्याने हॉर्न दाबून धरला. चाचांनी स्टेअरिंग ओढलं आणि गाडी माझ्यापुढे मातीत घासत येऊन थांबली. आत मुलं हसत होती, त्यांना मजा वाटली होती. माझ्या हातातला फोन वाजत होता आणि त्यावर चाचांचाच नंबर होता.

मी मुळात तापट. चाचांना तिथंच फैलावर घेतलं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून संध्याकाळी सगळ्या पालकांना फाट्यावर गोळा केलं. सगळे एका सुरात चिडले. गाडी चालवणाऱ्याच्या हातात फोन नकोच, यावर सर्वांत लांब भाषण ज्या बाबांनी ठोकलं, ते स्वतः हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलत बोलत बाइकवर आले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पण तेव्हा मला तेही चाललं, कारण ते माझ्या बाजूनं बोलत होते.

चाचा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "ताई, तुमी बोलता ते खरंच हाय. उद्यापासून फोन कप्प्यात. पण मग तुमीपण फोन करू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पुढचे काही दिवस फोन खरंच डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिला. मिस कॉल बंद झाल्यावर गाडी कधी येईल ते कुणाला कळेना. वाटेतलं रेल्वेचं फाटक पडलं की सगळी वेळ कोलमडते, आणि शनिवारी धरणाकडे येणाऱ्या मुंबईच्या गाड्या रस्ता अडवून बसतात. मुलं पुन्हा ट्रेलरच्या धुळीत उभी राहू लागली. मग एकीनं फोन केला, कुठं आलात म्हणून. दुसरीनं केला, कारण तिच्या मुलीची वेणी व्हायची होती. तिसरीला कळवायचं होतं की आज पोरगं येत नाही. कप्प्यात फोन वाजत राहायचा आणि चाचांनी उचलला नाही की संध्याकाळी त्यांनाच बोलणी बसायची.

मी मात्र फोन केला नव्हता, याचा मला तोरा होता. तो एका दुपारी उतरला. कर्जतच्या ज्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते, तिथं सासूबाईंचा फोन आला की लेक अजून घरी आली नाही. नवरा साजगावला पाळीवर होता. पाच-सहा मिनिटं मी स्वतःला आवरलं आणि मग चाचांचा नंबर लावला.

पलीकडून पोरीचा आवाज आला, एकदम ठसक्यात. "हॅलो, चाचा गाडी चालवतायत. कुणाची आई बोलतेय?"

माझीच लेक होती, तिसरीतली. फाटक पडलंय, असं सांगून तिनं फोन ठेवलाही.

संध्याकाळी चाचांना गाठलं. ते ओशाळले. सगळ्यांत स्पष्ट ती बोलते, म्हणून पुढच्या सीटवर तिला बसवतो, म्हणाले. मिस कॉलही आता तीच देते. मी म्हटलं, तिला मागं बसवा. ते लगेच कबूल झाले आणि म्हणाले, "मग कुनाला बसवू, ते तुमीच सांगा."

तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं मूल बसवा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? पुन्हा सगळ्यांना बोलावलं, तर यावेळी निम्मेही आले नाहीत, आणि जे आले त्यांना ही सोय फार आवडली होती. चाचांचे हात मोकळे आणि आपल्याला निरोप मिळतो, मग अडचण काय, असं त्या बाइकवाल्या बाबांनी मलाच समजावलं. फोनची बंदी घालायची तर घालायची कुणावर? चाचांवर घातली, ती लेकीच्या हातात येऊन बसली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गाडी सोडावी, तर आमच्या बाजूला दुसरी येत नाही. मी अगदी रडकुंडीला आले होते, आणि रागवायला समोर कुणी उरलं नव्हतं.

रात्री जेवताना लेकीला म्हटलं, निदान पट्टा तरी लावत जा गं. तो अडकतच नाही, ती म्हणाली. मग मोठ्या अभिमानानं तिनं सांगितलं, "चाचांनी कितीही जोरात ब्रेक मारला ना, तरी मी फोन पाडत नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवते."

मी म्हटलं, "फोन पडला तर पडू दे. तू आधी सीट धरायची."

तिनं घास हातातच थांबवला. "असं कसं, आई? फोन नाही उचलला, तर तुम्ही सगळ्या चाचांना ओरडता."