टेलरकाकूंनी टीव्हीला कान जोडले

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा टेलरकाकू एका जुन्या कोटाची बाही उसवत बसल्या होत्या. फोन काकांनी उचलला. आधी नुसतं "हं, हं" केलं, मग ताडकन उठले आणि हातवारे करायला लागले. काकूंना वाटलं, गॅसवरचं दूध उतू गेलं, आणि त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"अगं, दूध नाही! आपली लेक!" काका तोंड मोठं करून एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "रविवारी! टेबल टेनिसची फायनल! समालोचन ती करणार! लाइव्ह!"

काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. तीन वर्षं त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात या खेळाच्या संघटनेत काम करत होती. निकाल लिही, खेळाडूंच्या जेवणाची सोय बघ, माइकची वायर धर, असली कामं. आणि आता माइक तिच्याच हातात!

"कोणत्या चॅनलवर?"

"कोणत्याच नाही. इंटरनेटवर दाखवणार. ती म्हणते, मोबाइलवर बघा."

"तळहाताएवढ्या काचेत?" काकू म्हणाल्या. "पोरीचा चेहरा शर्टाच्या बटणाएवढा दिसेल! मला टीव्हीवर बघायचंय. आणि नुसतं बघायचं नाही, ऐकायचंय."

 खरी गोम तिथेच होती.

नऊ वर्षांपूर्वी काकूंचं ऐकणं कमी व्हायला लागलं. आधी दारावरची बेल गेली, मग पाठीमागून मारलेल्या हाका गेल्या. टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत काकांनी इतका नेला होता, की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई एकही मालिका न बघता कोण कोणाची सावत्र बहीण हे बिनचूक सांगायच्या. तरीही काकूंना शब्द कळत नसत. शेवटी त्या टीव्हीकडे पाठ करून शिवायला बसू लागल्या. सहा महिन्यांपूर्वी कानांना नवी मशीनं आली. समोर बसून कोणी बोललं की आता कळायचं, पण खोलीच्या पलीकडून येणारा टीव्हीचा आवाज अजूनही पाण्याखालून बोलल्यासारखाच यायचा. कानांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा सहज म्हणाल्या होत्या, "ही मशीनं टीव्हीला थेट जोडता येतात, बिनवायरची. फक्त टीव्हीला तशी डबी लावावी लागते." काकूंनी मान डोलावली होती आणि विसरून गेल्या होत्या.

आता त्यांना तो शब्दन् शब्द आठवला. गुरुवारी टीव्हीचं दुकान उघडायच्या आधीच दोघं दारात हजर होते.

दुकानातल्या मुलीनं कुलूप काढता काढताच विचारलं, "काय हवंय, काकू?"

"इंटरनेट टीव्हीवर दाखवणारी डबी. पण माझ्या कानांना जोडली जाईल अशी." काकूंनी केस मागे सारून दोन्ही मशीनं दाखवली.

मुलगी जरा गडबडली. मग तिनं कांडीसारखी एक वस्तू पुढे केली. "ही घ्या ना. सगळे हीच नेतात."

"सगळ्यांचं माप मला कसं बसेल, बाई?" काकू म्हणाल्या. "घालून बघितल्याशिवाय मी कोणाला कपडा देत नाही. तूही मला लावून दाखव."

मुलीला गंमत वाटली. सकाळी गिऱ्हाईक नव्हतंच. तिनं दुकानातल्या मोठ्या टीव्हीला कांडी लावली. चित्र झकास आलं. काकांनी रिमोटमध्ये तोंड घालून "बातम्या!" म्हटलं, तर खरंच बातम्या लागल्या. काका तिथेच भाळले. पण कांडीला काकूंची मशीनं काही सापडेनात. मुलीनं दहा मिनिटं शोधलं आणि मान हलवली.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "पुढची."

दुसऱ्या डबीच्या रिमोटलाच हेडफोन लावायची सोय होती. मुलीनं हौसेनं मोठे हेडफोन आणून काकूंच्या कानांवर बसवले. बसवले मात्र, कानातली मशीनं अशी कर्कश शिट्टी मारायला लागली की काकूंनी हेडफोन ओढून काढले.

"सिग्नल मिळाला, गाडी सोडा!" काका म्हणाले. बत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती, त्यांचे विनोद त्याच रस्त्यानं जायचे.

तिसरी डबी मात्र जोडली गेली. पडद्यावर 'जोडणी झाली' असं आलं आणि काकू जागच्या जागी थिजल्या. पडद्यावरचा माणूस बोलत होता आणि त्याचा आवाज थेट त्यांच्या डोक्यात उमटत होता. त्यानं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, त्याचा टक् आवाजसुद्धा आला!

"अहो, ऐकलंत? पेला! पेला ठेवला त्यानं!"

"मला काहीच ऐकू येत नाही," काका म्हणाले. "टीव्ही मुका झालाय."

मुलगी ओशाळली. "कानाला जोडलं की टीव्हीचा आवाज बंद होतो, काकू. यात तसंच आहे."

पडद्यावरचा माणूस तोंड हलवत होता आणि काका डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे बघत होते. काकूंना हसू आवरेना. "आता कळलं ना, नऊ वर्षं कशी काढली मी?" पण मग त्या मुलीकडे वळल्या. "नाही गं, ही नको. मी ऐकायचं आणि यांनी भिंतीसारखं बसायचं, हे चालणार नाही. लेक दोघांची आहे."

मुलगी आता पेटली होती. ती मागे गेली, खोक्यांचा आवाज झाला आणि साबणाच्या वडीएवढी एक काळी चौकोनी डबी घेऊन आली. पुस्तिकेत बोट फिरवत सेटिंगमध्ये शिरली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टाळी वाजवली. काकूंच्या कानातही आवाज आला आणि टीव्हीतूनही! काकूंनी तिला मिठीच मारली. मुलीनं पडद्यावर शब्द उमटवायची, अक्षरं मोठी करायची जागाही दाखवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "लाइव्ह सामन्यात मात्र हे शब्द बहुतेक येणार नाहीत. तिथं कानांवरच भिस्त."

"चालेल," काकू म्हणाल्या. "आता कान आहेत."

शुक्रवारी सकाळी डबी लावायचा कार्यक्रम झाला. टीव्ही भिंतीला चिकटलेला, आणि त्याला वायर खुपसायची जागा एकच, तीही केबलवाल्याच्या खोक्यानं अडवलेली. ते खोकं काढायचं म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला.

"रविवारपर्यंतच ना?"

"बघू," काकू म्हणाल्या.

मग प्रश्न आला भिंतीचा. वायरीचं डोकं मागे मावेना. काका एक डोळा मिटून म्हणाले, "मावेल. दोन बोटांच्या फटीतून मी बस काढलीय."

"बसच्या आरशांना विचारा," असं म्हणत काकूंनी गळ्यातली टेप काढली. मागची जागा तीन सेंटिमीटर, वायरीचं ताठ डोकं पाच. वाद मिटला. काका निमूटपणे दुकानात जाऊन वाकड्या डोक्याची वायर घेऊन आले.

डबी लागली, पडदा उजळला, आणि पासवर्ड विचारला. तो लेकीनं कधीतरी घालून दिलेला होता आणि राउटरच्या पाठीवर चिकटवलेला होता. रिमोटचा बाण सरकवत एकेक अक्षर टिपायचं म्हणजे दोऱ्यात मोती ओवण्यासारखं. काका वाचणार, काकू दाबणार. पहिल्यांदा एक अक्षर जास्त पडलं, दुसऱ्यांदा काकांनी एक गाळलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

पण शनिवारी रंगीत तालीम करायला बसले तर चित्र दोन मिनिटं चाले आणि अडकून पडे. मधोमध एक गोल चकरा मारत राही.  उद्या लेक बोलायला लागली आणि हे चक्र फिरायला लागलं तर?

नर्सबाई कामावरून येता येता डोकावल्या. घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "काकू, तुमचा राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे आहे. त्याचा श्वास कोंडलाय."

"मग बाहेर काढू?"

"काढता येईल, पण त्याची तार तेवढी लांब नाही. तुमच्या डबीला मागे तारेचं भोक आहे ना? माझ्याकडे लांबलचक तार पडून आहे. राउटरपासून थेट डबीपर्यंत ओढा, भानगडच नको."

तार आली. काकूंनी ती आतल्या खोलीपासून भिंतीच्या पायथ्यानं अशी नेली, वीतभर अंतरावर एकेक चिमटा ठोकत, की जणू पडद्याला दुमड घालताहेत. काका हातोडी पुरवत होते. काम झालं आणि चित्र लागलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. चक्र फिरलं नाही. काकूंनी त्या आनंदात एक आख्खा माहितीपट पाहिला, मधमाश्यांचा, आणि दर दोन मिनिटांनी काकांना सांगत राहिल्या, "अहो, गुणगुणताहेत! खरंच गुणगुणताहेत!"

रविवारी चारला दहा मिनिटं कमी असताना काकू, काका आणि नर्सबाई सोफ्यावर ओळीनं बसले. काकूंनी स्वतः शिवलेला निळा ड्रेस घातला होता, जसं काही पडद्यातून त्याच दिसणार होत्या.

चार वाजता हॉल दिसला, टेबल दिसलं, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत दोन चेहरे. एक पिकल्या केसांचा अनुभवी समालोचक आणि शेजारी त्यांची लेक, कानांवर हेडफोन, गाल लाल.

"नमस्कार," लेक म्हणाली.

बस, एवढंच. पण तो आवाज काकूंच्या दोन्ही कानांच्या मधोमध उमटला, जणू तिनं मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकली होती. नऊ वर्षांत काकूंनी लेकीचा आवाज असा ऐकला नव्हता. तो थोडा जाड झाला होता. वाक्याच्या शेवटी थोडा वर जात होता, अगदी काकांसारखा. हे त्यांना माहीतच नव्हतं!

सामना रंगला. एक उंच डावखुरी मुलगी तोफेसारखे फटके मारत होती, आणि दुसरी, बुटकी, टेबलापासून चार पावलं मागे उभी राहून प्रत्येक चेंडू कापून परत करत होती. लेक कमी बोलत होती. अनुभवी गृहस्थच किल्ला लढवत होते. आणि दुसऱ्या गेमच्या मध्यावर त्यांचा आवाज तुटला. एक खरखर आली आणि चौकटीत ते आपला माइक ठोकताना दिसले.

हॉलमध्ये नुसती चेंडूची टकटक. तीन सेकंद. चार सेकंद. काकांनी गुडघा घट्ट धरला. काकूंना कानात लेकीनं घेतलेला श्वास ऐकू आला, लहान, घाबरलेला.

"बोल," काकू टीव्हीला म्हणाल्या. "बोल गं."

आणि ती बोलली. "सर्व्हिस बदललीय. सलग सहा गुण गेल्यावर तिनं शांतपणे सर्व्हिस बदललीय, बघा आता!"

काकूंनी नर्सबाईंचा हात दाबला. "स म्हणाली! स्वच्छ स!" लहानपणी लेकीच्या जिभेवर स बसत नसे. सगळ्याचा श व्हायचा. शाळेत पोरं चिडवायची. काकूंनी संध्याकाळ-संध्याकाळ समोर बसवून तिच्याकडून घोकून घेतलं होतं, सुई, सूत, साबण, सोंगटी. तो स शेवटी बसला, पण पुढे काकूंच्याच कानांतून स निघून गेला. बारीक, वरचे आवाज आधी जातात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि आता लेक मिनिटामिनिटाला 'सर्व्हिस' म्हणत होती, आणि प्रत्येक स सुईसारखा टोकदार येत होता.

गृहस्थांचा माइक काही दुरुस्त झाला नाही. उरलेली फायनल लेकीनं एकटीनं ओढून नेली. आणि काय ओढली! पाचव्या, शेवटच्या गेमला ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. दहा-दहा. अकरा-दहा. अकरा-अकरा. बुटकीनं एक चेंडू जमिनीपासून वीतभर उंचीवर उचलला, तो जाळीला घासून पलीकडे पडला, आणि लेक ओरडली, "पडला! पलीकडे पडला!" काका उभे, नर्सबाई उभ्या, काकू तर सोफ्यावर उभ्या. पुढच्याच गुणाला बुटकी जिंकली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. लेकीचाही आवाज भरून आला, पण तिनं तो आवरला आणि गुणफलक नीट वाचून दाखवला.

"आवरलं," काकू म्हणाल्या. "चांगलं आवरलं."

तासाभरानं लेकीचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. काकूंना त्यातलं निम्मं कळलं नसतं, पण आज त्यांनाच बोलायचं होतं.

"'जबरदस्त' तू सव्वीस वेळा म्हणालीस," त्या म्हणाल्या. "दुसरे शब्द शोध. दुसऱ्या गेमला पाणी प्यायला हवं होतंस, घसा सुकला होता तुझा. आणि त्या उंच मुलीबद्दल हरल्यावर एकच वाक्य बोललीस. बिचारी किती छान खेळली."

 काका फोन कानाशी नेऊन ऐकू लागले आणि हसत सुटले. "ती विचारतेय, बाबा, हे तुम्ही सांगितलंत का आईला?"

"सांग तिला, मी ऐकलं," काकू म्हणाल्या. "सगळं. पहिल्या नमस्कारापासून."

पलीकडून जे आलं ते शब्द नव्हते, आणि ते कळायला कानांची गरजही नव्हती. काकूंनी पेन्सिल उचलली, गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडली आणि कोऱ्या पानावर रेघ मारली.

"रडून झालं की पुढच्या सामन्यांच्या तारखा सांग म्हणावं," त्या काकांना म्हणाल्या. "आणि ते केबलचं खोकं आता माळ्यावर टाका."